गप्प बसायचा खेळ

मुलगी आठ वर्षांची होती, त्या वर्षीची उन्हाळ्याची सुट्टी. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी मुलांचं करायचं काय, हा प्रश्न घरोघरी असतो. सकाळ निभते. पोहणं, मग सोसायटीच्या हॉलमधला चित्रकलेचा वर्ग, मग घरी आंबा. साडेबारानंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. पाच वाजेपर्यंत मूल घरात असतं आणि दर पाच मिनिटांनी विचारतं, "आता काय करू?"

त्या वर्षी उत्तर द्यायची पाळी माझी होती. बायकोची कचेरी रावपुऱ्यात, तिला रजा नव्हती. मी गोरव्यातल्या एका कारखान्यात विक्रीचं काम बघायचो. वेकेशनपुरतं दुपारचं काम घरून करीन, अशी परवानगी मी मागून घेतली होती. समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझे वडील आमच्याबरोबर राहत, आणि खरं तर सुट्टी तेच निभावून न्यायचे. कॅरम, बदामसात, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर नाव-गाव-फळ-फूल. पण त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून ती ओरडायची, आणि हरले की ते भांडायचे.

"आजोबा, तुम्ही चीटिंग करता."

"तू माझी पानं बघितलीस, म्हणून केली."

फोनवरचं गिऱ्हाईक म्हणायचं, "साहेब, घेर लगन छे के शुं?" लग्नबिग्न काही नाही हो, म्हणत मी हसायचो, आणि मला लाज वाटायची.

तेव्हा मी तो खेळ काढला. मी फोनसाठी दार लावलं की सुरुवात. मी 'संपला' म्हणेपर्यंत बोलायचं नाही. खुणा चालतील. बोललीस तर आऊट, जिंकलीस तर संध्याकाळी आईस्क्रीम. पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं टिकली, चौथ्या दिवशी सव्वा तास. सोसायटीतल्या एकदोघांना मी ही युक्ती कौतुकाने सांगितलीही.

सहाव्या दिवशी जे झालं, त्यातलं अर्धं मला तिने त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. आजोबा खुर्चीत बसले होते. 'पत्ते वाटू का' असं तिने खुणेने विचारलं. ते बोलले नाहीत. तिला वाटलं, आज आजोबाही खेळात आले. तिला फार आनंद झाला. त्यांना बोलतं करून आऊट करायचं म्हणून तिने तोंडं वेडीवाकडी केली, त्यांच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, तोंडावर हात दाबून हसली. त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, तेव्हा तेही आपल्याला वेडावून दाखवताहेत असं तिला वाटलं. लाळ गळायला लागली, तेव्हा ती थांबली.

उरलेलं अर्धं मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने माझं दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं. मी फोनवर होतो. मी ओठांवर बोट ठेवलं. ती गेली. थोड्या वेळाने परत आली, या वेळी दोन्ही हात हलवत. मी डोळे मोठे केले आणि दार लोटून घे अशी खूण केली. कडी वाजू न देता तिने दार लावलं.

मी बाहेर आलो तो चाळीस मिनिटांनी. ती त्यांच्या पायाशी बसली होती, फ्रॉकच्या टोकाने त्यांची हनुवटी पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं, पण बोलली नाही. मी अजून 'संपला' म्हटलं नव्हतं.

"कधीपासून असं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ताच. दहा मिनिटांत निघालो आम्ही."

वडील पुढे अडीच वर्षं होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. लवकर आणलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी कधीच विचारलं नाही. ते विचारायला आधी खरी वेळ सांगावी लागली असती.

त्या बाकावर तिचं सगळं ऐकून झाल्यावर मी तिला म्हणालो, "हे खेळाचं कुणाला सांगू नकोस हं. आईलाही नको." तिने मान हलवली. भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, मुलगी तिथेच होती, पण घाबरून तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. शेजारच्या काकी म्हणायच्या, "बिचारी डरी गई हशे." ती सरबताचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची. आमच्या नातेवाइकांत अजून तसंच सांगतात. हिच्यासमोर झालं बरं का, आणि ही नुसती बघत बसली.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. यंदाच्या मे महिन्यात माझ्या बहिणीची दोन मुलं सुरतहून आली. मुलगी त्यांना दिवसभर गुंतवून ठेवायची. एका रविवारी दुपारी कॅरमवरून दोघांची भांडाभांडी चालली होती. बायको वैतागून म्हणाली, "आता गप्प बसा बघू. बघूया, कोण जास्त वेळ बसतंय."

मुलीने हातातला स्ट्रायकर खाली ठेवला. "आई, नको. ओरडू देत त्यांना."

ती हळूच म्हणाली, तरी दोन्ही मुलं थांबून तिच्याकडे बघायला लागली.

थोड्या वेळाने कूलरमध्ये पाणी घालायला ती गॅलरीत गेली. मी मागोमाग गेलो.

"त्या दिवशी तू दोनदा दाराशी आली होतीस," मी म्हणालो. "तू सांगत होतीस, मीच बघितलं नाही. तू घाबरलीस, हे मी लोकांना खोटं सांगितलं."

ती पाणी ओतत राहिली. "माहीत आहे मला."

"तू कुणाला..."

"नाही." तिने बादली खाली ठेवली. "बाबा, एक विचारू? मी हसत होते, ते आजोबांना कळत असेल का रे?"

अकरा वर्षं मला एकच भीती होती, तिला माझं ओठांवरचं बोट आठवत असेल याची. तिला आणखी काय आठवत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. 'नसेल कळत' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. आतून धाकटा ओरडला, "ताई, तुझा डाव आहे." ती गेली.

स्वयंपाकघरात बायको रसासाठी आंबे पिळत होती. त्या दुपारचं तुला काही सांगायचंय, असं मी तिला म्हणालो. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, हातातली कोय पातेल्यात टाकली आणि हात धुतले.

"फोन सव्वादोनला आला होता," मी सुरुवात केली.