भंडाऱ्याचा बिनकांद्याचा घास

आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, ताठा गावात प्रसिद्ध आहे. नाव साखराबाई, पण साखर नावापुरतीच. लग्न होऊन मी शिरूर अनंतपाळजवळच्या या गावात आले, तेव्हा शेजारणीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "उज्वला, तुझी सासू देवालाबी जाब इचारती बघ." मला वाटलं, नव्या सुनेला घाबरवतेय. पण ते खरं निघालं, आणि मला त्याचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते.

सासरे गेल्यावर भावकी म्हणाली, जमीन आम्ही कसतो, तुम्ही घरी बसा. बाई बसल्या नाहीत. बाईनं तिफन धरू नये म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून त्यांनी स्वतः तूर पेरली, आणि ती अशी आली की म्हणणारेच शेंगा खायला बांधावर आले. त्यांनाही ओंजळ भरून दिल्या. वर ऐकवलंही भरपूर.

पण त्यांचा खरा मान चंपाषष्ठीचा. आमच्याकडे त्या दिवशी खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असतो. चातुर्मासात वर्ज्य केलेला कांदा-लसूण त्या भरितात सैल हातानं पडतो. देवाला दाखवून झालं की नैवेद्य कुत्र्यापुढं ठेवायचा, कारण कुत्रा देवाच्या सोबतीचा. त्यानं खाल्लं तर देवाला पोचलं, तोंड फिरवलं तर वर्षाचं काही खरं नाही. आणि पहिला घास आमच्या घरचा, आमच्याच भंडाऱ्याला.

भंडाऱ्या हा आमचा हळदीच्या रंगाचा कुत्रा. माळेगावच्या जत्रेतून आत्याबाईंनी त्याला पदरात गुंडाळून आणलं, तेव्हा तो मुठीएवढा होता. सकाळची पहिली चहाची बशी त्याची, दुसरी माझ्या नवऱ्याची. दयानंद यावर रुसायचा, पण ऐकतंय कोण?

गेल्याच्या आदल्या चंपाषष्ठीला आमच्या घासानंतर सगळ्या गावानं भंडाऱ्यापुढं पानं मांडली आणि त्यानं एकालाही नाराज केलं नाही. आत्याबाई दिवसभर मिरवत होत्या. पुढच्या काही दिवसांत मात्र तो मलूल झाला. उठला की झोकांड्या, लघवी लालसर-काळपट, हिरड्या पांढऱ्याफटक. ऑटोत घालून आम्ही त्याला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर धम्मप्रिया नावाची तरुण बाई होती.

"काय काय खाल्लं यानं?" तिनं विचारलं.

"देवाचा निवद. समद्या गावाचा," आत्याबाई म्हणाल्या. त्या अवस्थेतही आवाजात तोरा होताच.

"त्यात कांदा होता?"

"मग? बिनकांद्याचं भरीत असतंय व्हय?"

डॉक्टरनं हातातलं काम थांबवलं नाही. "आजी, कांदा-लसूण आपल्याला चालतो. कुत्र्याच्या मात्र रक्तातच बिघाड होतो, मग कांदा कच्चा असो की शिजवलेला. थोडं खाल्लं असतं तर निभावलंही असतं, पण यानं गावाचं खाल्लंय."

"म्हंजी देवाचा निवद इख हाय म्हणता?" आत्याबाई कडाडल्या.

"देवाचं मी काय सांगू? कुत्र्याचं सांगून राहिले." मग तिनं विचारून विचारून चहाच्या बशीचंही वदवून घेतलं, आणि चहा, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे कधीच द्यायचे नाहीत, असं बजावलं.

सलाईन, इंजेक्शनं झाली. भंडाऱ्या हळूहळू सावरला. पण तो उठून अंगणात येईपर्यंत आत्याबाई त्याच्या शेजारून हलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "माझ्याच हातानं घातलं गं, उज्वला." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढची चंपाषष्ठी आली. भाजलेल्या वांग्याचा गर कुस्करला आणि कांदा घालायच्या आधीच त्यांनी भंडाऱ्याचा वाटा बाजूला काढला. देवासाठी नेहमीचं भरीत केलं. ही बातमी आमच्याआधी देवळात पोचली होती. तिथं आत्याबाईंचे चुलत दीर आप्पासाहेब उभेच होते.

"वहिनी, देवाला एक अन् कुत्र्याला एक? रीत मोडायलाव तुम्ही."

"भावजी, देवाचं देवाला दिलं. कुत्र्याला सोसंल तेच देणार."

"मग पहिला घास आमचा!" म्हणत आप्पासाहेबांनी कांद्यानं भरलेलं आपलं पान थेट भंडाऱ्यापुढं सरकवलं. भंडाऱ्यानं शेपटी हलवली आणि नाक खाली घातलं. तो बिचारा आदल्या वर्षीचं सगळं विसरला होता. पान ओढावं तर देवाच्या तोंडचा घास काढल्याचा ठपका, न ओढावं तर जनावर जातंय.

आत्याबाईंनी पान ओढलं. देवळात एकदम कालवा झाला. त्या तिथंच फरशीवर बसल्या, पान मांडीवर घेतलं आणि त्यातलं भरीत-रोडगा खाऊ लागल्या.

"वहिनी! कुत्र्याचं पान ते!"

"हाव. खंडोबाचे वाघ्ये न्हाईत का कुत्र्यावानी भुकत? लाकडी कोटंब्यात तोंड घालून खातेत, तवा पाया पडताव न्हवं त्यांच्या? आज देवाची कुत्री मी. निवद वाया गेला न्हाई, मुकं जनावरबी वाचलं." घास गिळून त्यांनी मान वर केली. "आजून कुणाला कांद्याचं घालायचं आसंल तर हितं वाढा. माझ्या पोटात लई जागा हाय."

मी पुढं होऊन भंडाऱ्याचं पान मांडलं. त्यानं ते चाटूनपुसून साफ केलं, तशी मागून कुणीतरी "येळकोट येळकोट" म्हटलं आणि सगळ्यांनी "जय मल्हार" म्हणून साथ दिली. आप्पासाहेबांचे ओठ तेवढे मिटलेले होते. त्या रात्री आत्याबाईंना जळजळीनं झोप लागली नाही, पण तसं कबूल करतील तर त्या साखराबाई कसल्या!

यंदा चंपाषष्ठीच्या सकाळी मी आप्पासाहेबांकडे पाटा आणायला गेले. त्यांची सून मंजुश्री भरितात कांदा टाकायला निघाली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून आप्पासाहेबांचा आवाज आला, "थांब की! आधी भंडाऱ्याचं काढून ठेव."

पाटा तिथंच विसरून मी घरी पळाले आणि आत्याबाईंना सांगितलं. त्या वांगी भाजत होत्या. त्यांनी पदर सारखा केला, भंडाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऐकलास का रं? आता समद्या गावाचं खा."