तसलंकाही मामा

मामा कुणाच्याही घरात शिरले की त्यांची मान आधी वर. वायरिंग बघणार, मग वासे, मग कौलं, आणि सगळं झाल्यावर घरचा माणूस. गिरणी संपात गेली तेव्हापासून ते आगीचे विमे विकत होते. पण गंमत बघा, हा माणूस ‘आग’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. भरल्या घरात अभद्र कशाला बोलायचं? ते म्हणत, “उद्या तसलं काही झालंच तर...” म्हणून बोरीवलीच्या आमच्या गल्लीत ते तसलंकाही मामा.

बाबांचे गाववाले. भिडस्त इतके, की दारातूनच कुणी ‘आज नको हो’ म्हटलं तर हेच माफी मागून परत फिरायचे. बाबा चिडवायचे, “मामा, भीड भिकेची बहीण. तुम्ही विमा विकताय की प्रसाद वाटताय?” मामा नुसते हसायचे.

फिलूमावशीचं कौलारू घर आम्हाला त्यांनीच मिळवून दिलं. मावशी गावठाणातली ख्रिस्ती म्हातारी, मुलगा आखातात. सौदा असा, की काही वर्षं भाड्याने राहायचं, भाड्यातला थोडा भाग किमतीत धरायचा, आणि मुदत संपली की ठरल्या भावात घर विकत घ्यायचा हक्क आमचा. घराचा विमा मावशीच्या नावावर होता. मामा बाबांना म्हणाले, “त्यात तुझंही नाव चढवून घेऊया. घर आज तिचं, उद्या तुझं. मधल्यामधे तसलं काही झालं तर पैसे एकट्या तिच्याच हातात जातील.”

घर आमचंच होणार म्हणून आईने हौसेने वास्तुशांत घातली. बाबा आणि मावशी सहीला एकत्र सापडतील म्हणून मामांनी नेमका तेव्हाच कागद आणला. पिशवीतून काढतात तोच आईने हात आडवा केला. “मामा, आज ते नको. शुभकार्य आहे घरात.”

“बरोबर आसा वयनी, माझाच चुकला,” म्हणत त्यांनी कागद परत पिशवीत सारला. मग गणपती आले. मग पितृपक्ष. मग मावशीची बहीण गेली. दर वेळी मामा यायचे, वर बघायचे, चहा प्यायचे आणि विषय न काढता निघून जायचे. खरं सांगू, आम्हालाही ते बरंच वाटायचं.

दिवाळीनंतर एका दुपारी माळ्यावरची वायर पेटली. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पळालो. बंब येईपर्यंत नुसत्या भिंती उरल्या होत्या. विम्याचे पैसे मावशीला मिळाले. ती बिचारी रडत म्हणाली, “तुमचा वाटा देते मी.” पण तिचा मुलगा आला आणि म्हणाला, घरच नाही तर विकायचं काय? पैसे त्याने घेतले, जागाही विकली. कोर्टात जायची आमची ऐपत नव्हती.

मामा आईसमोर येऊन उभे राहिले. “माझ्या भिडेन तुमचा घर खाल्ल्यान, वयनी.” आईने तोंड फिरवलं. आम्हीही. कुणाच्या तरी माथी खापर फुटतंय, हे आम्हाला सोयीचंच होतं. त्यानंतर मामांनी आमच्याकडे पाण्याचा घोटही घेतला नाही. आणि ‘तसलं काही’ म्हणणंही सोडलं. लोकांना सरळ विचारायचे, “आग लागली तर पैसे कुणाला?” लोक दार लावून घ्यायचे.

पुढे चारकोपला आमची स्वतःची खोली झाली. वास्तुशांतीला मामा आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. आई पाटावरून उठली. “मामा, कागद आणलात?”

“नाय वयनी. आज कशाक?”

“जा, घेऊन या. आम्ही थांबतो.”

गुरुजी कुरकुरत बसले. मामा कागद घेऊन आले, बाबांनी सही केली. आईने शिऱ्याची बशी मामांच्या हातात दिली. “चूक माझी होती, मामा. हात मी आडवा केला.”

“नाय वो, माझीच.”

हॉटेलात बिलासाठी भांडावं तसे दोघं चुकीसाठी भांडले. दोघांचेही डोळे भरले होते. मग मामांनी शिरा खाल्ला.

पुढे मामा गावी गेले आणि तिकडेच वारले. आई आता थकली आहे. पण कुणाच्या वास्तुशांतीला नेलं, की हळदीकुंकू लावून घेता घेताच यजमानीणबाईंना विचारते, “आग लागली तर पैसे कुणाच्या नावावर?” बायकांचे चेहरे उतरतात. मी ओशाळून तिचा हात धरते, बाजूला ओढते.

“सोड गं हात,” ती म्हणते. “एकदा आडवा घातला तेवढा पुरे झाला.”