सागरला बसवलं, तर तो पलीकडून खेळला

फुटबॉल खेळलेल्यांनो, जरा सांगा, मी चुकलो का.

आज मार्गासनीत, भात काढलेल्या खाचरात आमची कामथडीच्या पोरांशी सराव मॅच होती. टूर्नामेंट तोंडावर आलीय. आमचे गोल मारणारा सागरच, पण त्याचा उजवा घोटा दरवर्षी सीझनच्या आधीच मुरगळतो. त्यात खाचरात सगळी ढेकळं. टीम मीच बघतो, म्हणून त्याला म्हणलं, "आज बस."

"अण्णा, पाय बरा हाय माझा."

"न्हाई म्हणलं ना."

माझ्या बाजूनं कुणी बोललं न्हाई.

तेवढ्यात कामथडीचा एक गडी कमी निघाला. सराव मॅचला कमी पडलेला गडी समोरच्यांनी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी दुसऱ्याचं नाव घेईपर्यंत सागरनं त्यांचा टी-शर्ट घातला पण होता. आता नको म्हणावं, तर आमी रीत मोडली असं झालं असतं.

त्यानं आमच्यावरच गोल मारला. आमच्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मॅच संपल्यावर सगळे त्याच्यासंगं चहाला गेले. मला कुणी हाक मारली न्हाई. गोलचे बांबू मी एकट्यानंच उपटले. त्याच्यासाठी आणलेलं क्रेप बँडेज खिशात तसंच होतं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, स्कोअर काय झाला? मला सांगताच आलं न्हाई. मी सारा वेळ त्याच्या उजव्या पायाकडंच बघत होतो.