बांगड्यांखालचं औषध

"धाकू, हा बर्फ म्हणायचा की खडीसाखर? मासळीवर घालू की वाटेत चोखून संपवू?"

"चोख की! तेवढंच तोंड बंद राहील."

"तुझं बंद कर आधी, मेल्या!"

लग्न होऊन रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आले तेव्हा बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीआडून मी हे भांडण ऐकलं. वाटलं, आता डोकी फुटणार. तर गुणवंती डोक्यावर बर्फाची पाटी घेऊन हसत बाहेर आली. भांडल्याशिवाय ती बर्फ घेत नसे आणि कारखानेवाला धाकू देत नसे.

गुणवंती माझी शेजारीण. मासळीचा धंदा, अंगानं आडवी, आवाजानं त्याहून.

चौऱ्याऐंशी साली माझ्या लेकीच्या, सोनूच्या, पोटात गाठ निघाली. तीन वर्षांची पोर. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, नसांमधला कॅन्सर आहे, लहान पोरांना होतो, तोही क्वचित. औषध शिरेतून द्यायचं. मोठे डोस मुंबईला, मधली इंजेक्शनं रत्नागिरीत. बाटली अंगठ्याएवढी, पण नखरे नव्या नवरीचे. ती गार हवी, गोठता कामा नये, आणि डोस चुकवायचा नाही. चुकला तर गाठ पुन्हा वाढेल. आमच्या आळीत फ्रिज कुणाकडे असणार?

"मी मेले काय?" गुणवंती म्हणाली. "आण ती भवानी माझ्याकडं."

मुंबईहून परतणाऱ्या मासळीच्या ट्रकातून बाटली यायची. गुणवंती ती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायची आणि डबा आपल्या बर्फाच्या पेटीत. दवाखान्यातली सिस्टर नाक मुरडायची, "आजी, औषध आणलंत की कालवण?"

एका सकाळी सोनूला सलाईन लावून झालं. डॉक्टर वाट बघत बसले. मी डबा आणायला बंदरावर धावले, तर पेटीच नाही! गुणवंती लिलावात ओरडत होती, तेवढ्यात तिच्या भिवा हमालानं अर्धी रिकामी पेटी बघून वर बांगडे भरले, खिळे ठोकले आणि कोल्हापूरच्या ट्रकात चढवली. ट्रक सुटलासुद्धा.

गुणवंतीचा आवाज पहिल्यांदाच बसला. मग एकदम फुटला, "धाकू!"

धाकू टेम्पोतून बर्फ उतरवत होता. "काय गो, आज वजनात काय खोट काढलीस?"

"गाडी काढ! सोनूचं औषध कोल्हापूरला चाललंय!"

त्यानं उरलेल्या लाद्या तशाच ठेवून गाडी काढली. पुढच्या सीटवर आम्ही तिघं, मी मधे चेपलेली.

"जोरात हाण की रे!"

"तू उतर, म्हणजे उडेल गाडी."

मी देवाचं नाव घेत होते आणि हसू आवरत नव्हतं. डोळ्यांना मात्र धार लागलेली.

हातखंब्याला चहाच्या टपरीपाशी ट्रक दिसला. गुणवंती कासोटा खोचून वर चढली.

"ओ मावशी, माल बांधलाय!" ड्रायव्हर ओरडला.

"बांधलास काय? माझं पोर हाय आत!"

त्याच्या हातातला चहा सांडला. बिचारा स्वतःच पहार घेऊन पेट्या फोडायला लागला. बांगडे रस्त्यावर घसरले, कावळे जमले, थांबलेल्या एस्टीतली माणसं खिडकीतून सल्ले द्यायला लागली. तिसऱ्या पेटीत डबा सापडला. ड्रायव्हर आत बघतो तर बाटली. "हे पोर?"

"व्हय," गुणवंती म्हणाली. "हेच."

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली हातात फिरवली, उजेडात धरली. सील शाबूत, औषध गार, गोठलेलं नाही. "चालेल," म्हणाले. औषध नळीतून हळूहळू आत जात होतं. डोक्यावर एकही केस नसलेली सोनू गुणवंतीकडं टक लावून बघत होती.

"आजी, तुझ्या अंबाड्यात मासा आहे."

खरंच होता. सिस्टरसुद्धा पोट धरून हसली.

सोनू आता सावर्ड्याला नांदते, वेणी कमरेपर्यंत. गुणवंती मागच्या साली गेली. त्या दिवशी सकाळीही ती बर्फाला गेली होती. कारखाना तेव्हा धाकूचा लेक बघायचा. धाकू नुसता खुर्ची टाकून बसायचा, भांडायला.

"धाकू, हा बर्फ की साबुदाणा?"

"तुझ्या दातांना तेवढाच झेपेल."

"दात तुझ्या नरड्यात बसतील, मेल्या!"

मग पाटीतून पाणी ठिबकवत गुणवंती माझ्या दारात आली. "वयनी, भांडं काढ." चार बांगडे टाकले आणि बाजाराच्या वाटेला लागली.