खाडीचे सोळा तुकडे

महापालिकेतल्या सुनावणीत साहेब हसून म्हणाले, "भावना समजल्या. आता आकडे आणा."

मला काही हसू आलं नाही. नेरूळच्या पोटात आमचं जुनं कोळ्यांचं गाव आहे. त्याच्या कडेला होल्डिंग पॉन्ड, म्हणजे भरतीचं आणि पावसाचं पाणी थोपवून धरणारं तळं. ते बुजवून मैदान करायचा प्रस्ताव आला होता. गावातल्या आमच्या संघटनेनं पत्रकं वाटली, घोषणा दिल्या, निवेदनं लिहिली, आणि त्यावर हे उत्तर! आकडे जणू यांच्याच घरी पिकतात. पुढची सुनावणी जूनमध्ये होती.

म्हणून मे महिन्यात मी तरुण संशोधकांच्या उन्हाळी शाळेत जाऊन बसले. विषय डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग, म्हणजे एक अवजड गणित अनेक मशीनवर वाटून करायचं. मी फिजिक्सची एमएस्सी, पण आमच्या कॉलेजात असली मशीनं फक्त माहितीपुस्तकात होती. इथं खोलीभर होती, तीही एसीत. माणसांना पंखा आणि मशीनला एसी, हे मी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तापली की ती बंद पडतात. तू पडत नाहीस, दिसतंयच." वर्ग हसला. मीही हसले.

शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीनं आपलं काम मांडायचं होतं. माझी जोडीदारीण परभणीकडची, पिकांवरच्या रोगांचा अभ्यास करणारी. तिची आकडेवारी कुठल्याशा कार्यालयात अडकली होती, म्हणून तिनं माझ्या विषयाला हो म्हटलं. खाडी, तळं, गाव आणि पलीकडचे टॉवर यांचा नकाशा आम्ही सोळा तुकड्यांत कापला आणि एकेक तुकडा एकेका मशीनला दिला. तळं बुजवलं, आणि मोठी भरती नि मुसळधार पाऊस एकदम आला, तर पाणी कुठं जाईल? प्रोग्राम मी लिहिला. सोळा मशीनवर तो एका मशीनपेक्षाही हळू चालला.

मी भडकले. आम्हालाच भंगार मशीनं दिलीत, असं मॅडमना ऐकवायला निघालेच होते. जोडीदारणीनं ओढणी धरून मला खाली बसवलं, माझा कोड वाचत गेली आणि खो खो हसत सुटली.

"अगं, पाणी बोटभर सरकलं की प्रत्येक मशीन बाकीच्या पंधरांना विचारायलंय! सगळे हो म्हणेपर्यंत सगळे बसून."

"मग? विचारायलाच पाहिजे सगळ्यांना."

"तू कॉम्प्युटर चालवायलीस का मीटिंग?"

हे लागलं. आमच्या संघटनेत तसंच चालतं. पत्रकातला एक शब्द बदलायचा तरी सगळ्यांचा होकार लागतो. आधी एकच दादा सगळं ठरवायचा, त्याच्याशी भांडून मिळवलेला हा नियम.

"मग काय, एकाच मशीनला पुढारी करू?" मी विचारलं.

"पुढारी कशाला? शेजाऱ्याला विचार की. रानात पाट सोडताना मी बांधाला लागून ज्याचं रान हाय त्याला सांगते. गावात दवंडी देत नाही."

खरंच, पाणी येणार ते लगतच्या तुकड्यातूनच. प्रत्येक मशीननं आपल्या कडेच्या पाण्यापुरतं शेजाऱ्याला विचारायचं, बाकी आपलं काम आपण करायचं. आम्ही प्रोग्राम पुन्हा लिहिला आणि तो धावला.

पडद्यावर निळा रंग पसरायला लागला, आणि पसरला भलतीकडेच. आमच्या पूर्वजांनी घरं उंचवट्यावर बांधली होती. गावाची फक्त जेट्टीकडची गल्ली भिजली. पाणी शिरलं ते टॉवरच्या बेसमेंटमध्ये. आमच्या पत्रकावर तर ठळक अक्षरांत होतं: गाव बुडणार! मला वाईट वाटलं. आपलं गाव बुडत नाही म्हणून चक्क वाईट वाटलं.

"आता?" जोडीदारीण म्हणाली.

"आता काय? जे आलंय तेच दाखवायचं."

तेच दाखवलं. मॅडमनी नकाशातल्या टॉवरवर बोट ठेवलं. "टॉवरच्या आवाराची उंची तू अंदाजानं धरलीयस. सुनावणीत पहिला प्रश्न तोच येईल. ती मोजून आण. सुनावणी होईपर्यंत ही मशीनं तुला वापरायला मिळतील, मी लिहून देते."

घरी बाबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे आपन वाचलो?"

"आपली एक गल्ली भिजते. बुडतात ते टॉवरवाले."

"मग त्याना जाऊन सांग ना, पोरी. ती पन मानसंच हायेत."

त्या सोसायटीनं आमची पत्रकं गेटवरूनच परत केली होती. तरी गेले. सेक्रेटरी ऑफिसात एकटेच होते. मी नकाशा टेबलावर पसरला. ते चष्मा लावून वाकले.

"ही बी विंग का?"

"हो."

"आणि हे निळं?"

"तुमचं पार्किंग. पण उंची आम्ही अंदाजानं धरलीय. मोजू दिलीत तर नक्की सांगता येईल."

त्यांनी फोन उचलला. "अहो, खाली या. हो, आत्ता. चेअरमनना पण घ्या, आणि ती लांब टेप आणा." मग माझ्याकडे वळले. "बसा ना मॅडम. सुनावणीला आमच्यातले किती जण आलेले चालतील?"