मोरचूद आणि लाल काच

मॅनिटोबातल्या एका छोट्या गावातल्या शाळेत व्हर्लिन पेटकाऊ रसायनशास्त्र शिकवायला आला आणि पहिल्याच तासाला त्याने सांगून टाकलं, "मला निळा आणि जांभळा एकसारखाच दिसतो." डोळ्यांच्या याच दोषापायी रेल्वेने त्याला इंजिनावर घेतलं नव्हतं.

पुढे प्रथिनं ओळखायचा धडा आला. नळीत कॉस्टिक सोडा आणि मोरचूद घालायचं. प्रथिनं असली तर निळं पाणी जांभळं होतं.

"सर, तुम्हालाच रंग कळत नाही, मग आमच्या नळ्या तपासणार कोण? आमचं मांजर?" टेसाने विचारलं. वर्ग खिदळला. व्हर्लिनही हसला, पण ते त्याला लागलं.

शनिवार-रविवार तो गॅरेजमध्येच बसून होता. नळ्यांसमोर त्याने हिरवी बाटली धरली, पिवळा कागद धरला. काही फरक दिसेना. त्याने हट्ट सोडला नाही. शेवटी ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याची फुटकी लाल काच धरली. साधी निळी नळी काळपट दिसली आणि प्रथिनांची चांगलीच उजळ!

सोमवारी तो टेसाला म्हणाला, "अंडं, जिलेटिन आणि साखरेचं पाणी, तिन्हींत सोडा आणि मोरचूद घाल आणि नळ्या हव्या तशा मांड. मी पाठ करून उभा राहतो."

मग वळून त्याने काचेतून एकेक नळी पाहिली. "यात प्रथिनं आहेत. यातही आहेत. आणि हे नुसतं साखरेचं पाणी."

टेसाने काच ओढूनच घेतली. "अय्या, खरंच की!"

"बघून झालं?" व्हर्लिन म्हणाला. "आता सांग, साखरेचं पाणी निळंच का राहिलं?"