गोऱ्यांच्या कबरी पाहून आलो ती दुपार

मला सातवा महिना लागला होता, तेव्हा मी नवऱ्यासोबत हिंगोलीतल्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात गेले. निजामाच्या काळी इथं छावणी होती. तिच्यातले इंग्रज साहेब आणि त्यांची बायकामुलं तिथं पुरलेली. हे शाळेत इतिहास शिकवतात, ह्यांना कबरींवरच्या लेखांचे फोटो हवे होते. अशा दिवसांत तिकडं जाऊ नको, असं सासूबाईंनी बजावलं होतं. पण घरात बसून जीव उबगला होता, म्हणून मीच मागं लागले.

वाळलेलं गवत काठीनं सारत हे पुढं चालले. दगडावरचं इंग्रजी वाचायचे, मला मराठीत सांगायचे. कुणी पटकीनं गेलेला, कुणी घोड्यावरून पडून. मी गोष्ट ऐकावी तसं ऐकत होते. एका बुटक्या कबरीपाशी मात्र हे वाकले आणि काही न बोलता पुढं निघाले. काय लिहिलंय, मी विचारलं.

"अक्षरं पुसलीत. वाचता येत न्हाई."

हे लांब गेल्यावर मी ओढणीनं दगडावरची माती झटकली. अक्षरं चांगली खोल होती, शाळेतल्या इंग्रजीवर मी ती जुळवून वाचली. कुण्या कप्तानाची बायको, माझ्याहून लहान. तिच्याच शेजारी तिची मुलगी, नाव ठेवायच्या आत गेलेली.

माझा हात पोटावर गेला. लेकरू सकाळपासून हललं होतं का, मला काही केल्या आठवेना.

घरी येऊन गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडले. पोटात सगळं गप्प. सासूबाई दारातून डोकावून गेल्या. त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी ह्यांना जवळ बोलावलं.

"लेकरू हलून न्हाई राहिलं."

ह्यांचा चेहरा उतरला. "तू वाचलंस व्हय ते?"

मी मान डोलावली. हे रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. इथं, तिथं, पुन्हा इथं. मग खरखरीतून धडधड ऐकू आली, घाईघाईची, बारीक. झोपलं होतं, त्या म्हणाल्या.

मुलगी झाली, धडधाकट. आता अंगणभर पळते. तरी ती फार गाढ झोपली की मी अजून तिच्या नाकाशी बोट धरते.